मळकी बाजू

दाराबाहेर टाकलेलं पाऊल तिने तसंच मागे घेतलं. काल संध्याकाळी नव्हती अशी एक रेघ तिच्या दारासमोर होती. पांढऱ्या खडूची, भिंतीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत आडवी गेलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. कुठे हात थरथरला नव्हता, कुठे खडू उचलला नव्हता. हे काम कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ मारणारा या मजल्यावर एकच माणूस राहत होता, आणि तो समोरच्या दाराच्या जाळीमागे, तोंडावर रुमाल बांधून, उभाही होता. शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले सर. तिच्या मुलीची शाळेतली निम्मी चित्रं यांच्याच हातून सुधारून गेली होती.

"वहिनी, राग मानू नका," सर जाळीतून म्हणाले. "हिला फार भीती वाटते हो. तुम्ही रोज त्या हॉस्पिटलातून येता. म्हणून म्हटलं, रेघेच्या तिकडे तुम्ही, इकडे आम्ही."

"आणि जिना कुणाचा?"

"जिना काय, सगळ्यांचाच."

तिने रेघेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सर, अंतर सहा फूट सांगितलंय. तुम्ही चारावरच मारलीत. मोजून तरी काढायची."

सरांच्या रुमालामागे काहीतरी हललं. जन्मभर मुलांच्या वह्यांत मापं काटेकोर तपासलेला माणूस. "चार? नाही हो, चार कशी होईल?" असं म्हणत ते खाली वाकून बघायलाही लागले. ती रेघ ओलांडून जिना उतरू लागली.

दुसऱ्या वळणापर्यंत तिला आपल्या उत्तराचं मोठं कौतुक वाटत राहिलं. तिसऱ्या वळणावर ते ओसरलं. सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण तिची स्वतःची रेघ तरी कुठे नव्हती? ती घराच्या आत होती. पाच आठवड्यांपासून ती बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपत होती आणि नवरा आतल्या खोलीत. मधलं दार हातभर उघडं. जेवणाचं ताट ती दाराशी ठेवायची आणि मागे सरकायची, मग तो यायचा. सोळा वर्षांचा डायबेटीस, त्यात लहानपणापासूनची दम्याची कुरकुर. डॉक्टरांनी टीव्हीवर सांगितलेल्या यादीत जे जे बसायचं ते ते सगळं याच्यात बसत होतं. घड्याळदुरुस्तीचं त्याचं दुकान बंद होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं चालती ठेवलेला हा माणूस आता दिवसभर खिडकीशी बसून वेळ कसा जात नाही याची तक्रार करायचा. सरांच्या खडूला हसणं सोपं होतं. रोज संध्याकाळी घरात शिरताना आपणही चोरासारखे शिरतो, दाराची कडी कोपराने लावतो, आणि आतून नुसता खोकल्याचा आवाज आला तरी हातातलं सगळं खाली ठेवून ऐकत राहतो, हे ती कुणाला सांगणार होती?

पर्समध्ये एक कागद होता. पंचावन्न वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांनी इच्छा असल्यास पगारी रजेवर घरी थांबावं, असं हॉस्पिटलने काढलेलं पत्रक आणि त्याला जोडलेला फॉर्म. तिला सत्तावन्न पूर्ण होती. खाली दोन चौकोन होते: 'रजा हवी' आणि 'काम चालू ठेवणार'. संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. काल नवऱ्याने तो मागून घेतला आणि घड्याळाच्या चाकांवर नंबर घालणाऱ्या त्याच्या बारीक अक्षरात नाव, खातं, जन्मतारीख, सगळं भरून सकाळी ताटाखाली ठेवून दिला. फक्त चौकोन आणि सही सोडली होती. "ते तुझं तू कर," दारामागून तो म्हणाला होता. मुलगी दुसऱ्या शहरातून रोज फोन करत होती. "आई, इतकी वर्षं केलंस ना? आता सही कर आणि घरी बस. तुझ्यावाचून काय अडणार आहे तिथं?" काय अडणार आहे. हे मुलगी प्रेमाने म्हणत होती, म्हणून तर ते जास्त टोचत होतं.

रस्ता मोकळा होता, इतका मोकळा की स्वतःच्या चपलांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. बंद दुकानांच्या शटरांवर धूळ बसली होती. चौकातल्या पोलिसाने तिला थांबवलं, ओळखपत्र हातात न घेता लांबूनच वाचलं आणि मान तिरकी केली.

"लाँड्री? हॉस्पिटलात लाँड्री असते?"

"नाही, चादरी झाडाला लागतात," ती म्हणाली. "आम्ही नुसत्या तोडून आणतो."

तो मास्कमागून हसला आणि त्याने हात हलवून तिला सोडलं. चालता चालता तिला वाटलं, आज आपल्या जिभेला झालंय तरी काय. एरवी ती अशी बोलणारी नव्हती. तेहतीस वर्षं कुणी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "हॉस्पिटलात आहे." सासूबाईंनीच ते पहिल्या महिन्यात शिकवलं होतं: "लाँड्री म्हणत बसू नकोस गं चारचौघांत. हॉस्पिटलात आहे म्हण, खोटं नाही ते." आणि खोटं नव्हतंच. मुलगी चौथीत असताना शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तिने स्वतःच्या गोलगोल अक्षरात 'नर्स' लिहून आणलं होतं. हिने ते न खोडता खाली सही केली होती. त्या सहीचा पेन कसा कोरडा पडला आणि दोनदा गिरवावी लागली, हे तिला अजून आठवत होतं. रागाने नाही. तेव्हाही राग आला नव्हता. अंगावरचा कपडा आपल्याला जरा मोठा होतोय असं काहीतरी वाटलं होतं.

लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, तळघरात. उतरणीवरून ट्रॉल्या खाली यायच्या. मधोमध छतापर्यंत भिंत, आणि त्या भिंतीत बसवलेलं मोठं मशीन, त्याला दोन दारं. एक दार भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्या खोलीला सगळे 'मळकी बाजू' म्हणायचे, पलीकडच्या खोलीला 'धुतली बाजू'. वॉर्डातून आलेलं सगळं मळक्या बाजूने आत जायचं, उकळत्या पाण्यातून आणि ब्लीचमधून फिरायचं आणि धुतल्या बाजूने बाहेर यायचं. दोन्ही दारं एकदम कधी उघडायची नाहीत. मळक्या बाजूचा माणूस अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय इकडे यायचा नाही. ती या खात्याची मुकादम होती आणि सगळे तिला 'मुकादम' म्हणूनच हाक मारायचे, 'मुकादमबाई' म्हणणं लांबडं पडतं म्हणून. तिची जागा धुतल्या बाजूला होती, तिथल्या लांब टेबलाशी. वॉर्डाला जाणाऱ्या चादरीवर पुसटसुद्धा डाग दिसला तर ती चादर परत धुवायला जायची, मग वरून कितीही फोन येवोत.

या हट्टाचं मूळ कुणाला ठाऊक नव्हतं. ती एकोणीस वर्षांची असताना तिची आई हॉस्पिटलात गेली होती. हे हॉस्पिटल नव्हे, दुसरंच. अकरा दिवस होती. आईखालच्या चादरीवर कडेला एक जुना, धुऊनही न गेलेला, विटकरी डाग होता. दुसऱ्याच कुणाचा तरी. आई जन्माची टापटिपीची. बोलायची ताकद संपली तरी तिची बोटं त्या कडेशी चाळा करत राहायची, तो डाग गादीखाली दुमडायला बघायची. "माणसं येतील भेटायला," एवढंच पुटपुटायची. मरणाच्या दारातही ती परक्याच्या डागाची लाज स्वतः वाहत होती. पुढे पाच वर्षांनी लाँड्रीत घड्या घालायला माणूस हवा असल्याची जाहिरात तिने पाहिली, तेव्हा घरचे सगळे म्हणाले दुसरं काही बघ. तिने दुसरं काही बघितलं नाही. का, ते सांगताही आलं नाही.

आज सकाळी ती खाली पोचली तेव्हा टेबलाशी चष्मेवाली एकटीच होती. घड्या घालणारी ही पोरगी कामाला चांगली, पण चष्म्यावर वाफ धरली की आंधळी व्हायची. अकरा जणांपैकी गेल्या पंधरवड्यापासून पाचच येत होते. "पैलवान आला नाही," ती म्हणाली. पैलवान म्हणजे मळक्या बाजूचा माणूस, काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. त्याची इमारत पहाटेच सील झाली होती. तो फोनवर जवळजवळ रडत होता, "मुकादम, पोलीस खाली उतरूच देत नाहीत हो." त्याच्या जोडीचा माणूस आला होता, पण उतरणीवरच उभा होता. त्याच्या बायकोला आठवा महिना होता. "मुकादम, इकडे सांगाल ते करतो, दुप्पट करतो," तो म्हणाला, "पण त्या बाजूला एकट्याने नाही जाणार." त्याने वर पाहिलं नाही. तिने त्याला इस्त्रीच्या रोलरवर पाठवलं. त्याला लाज वाटू द्यायची नव्हती, म्हणून ती हे असं म्हणाली जणू रोलरवरच माणूस कमी होता.

आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वरच्या मेट्रन. यांचा आवाज इतक्या वर्षांत तिने कधी चढलेला ऐकला नव्हता, आजही चढला नव्हता, नुसता सपाट झाला होता. "मुकादम, एकदा वापरून टाकायचे किट संपलेत. गाडी उद्या येणार म्हणतात. आमच्याकडे आता कापडी गाऊनच. चार वाजता पाळी बदलते. तोपर्यंत दोनशे गाऊन नाही मिळाले तर आत कुणाला पाठवू शकत नाही मी. आणि आतून बाहेर कुणाला काढूही शकत नाही. कळतंय ना?"

"गाऊन आहेत कुठे?"

"तुमच्याकडेच. कालच्या पिशव्यांत. घाईत कुणीतरी चादरींबरोबरच भरलेत."

तिने भिंतीत मशीनशेजारी बसवलेल्या गोल काचेतून पलीकडे पाहिलं. मळक्या बाजूला लाल पिशव्यांचा ढीग छातीएवढा. नवा नियम असा होता की पिशवी उघडून निवडायची नाही, तशीच्या तशी मशीनमध्ये रिकामी करायची. पण चादरींबरोबर गाऊन धुतले की बंद आणि नाड्या चादरींत गुंततात, पाण्याचा जोर सगळीकडे पोचत नाही, मध्ये मळ राहतो. आणि पन्नास किलोच्या मशीनमध्ये सगळा ढीग चारपर्यंत फिरवून होणार नव्हता. गाऊन हाताने वेगळे काढावे लागणार होते. एकेक.

"चारला मिळतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिला कळलं की आपण काय बोलून बसलो.

लाँड्रीच्या कपाटात उरलेलं एकुलतं किट चढवताना चष्मेवाली तिच्या पाठीवर टेप लावत होती. "मुकादम, पंचावन्नच्या वरच्यांनी शक्यतो तिकडे जाऊ नये असं लिहिलंय," पोरगी हळूच म्हणाली. "लिहिलंय," ती म्हणाली. "तू टेप नीट लाव." पायांतले बूट मोठे होते. डोळ्यांवरचा जाड प्लॅस्टिकचा चष्मा कपाळाला रुतला. आणि दार मागे बंद झाल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती भीती नव्हती. शांतता होती. धुतल्या बाजूला सतत वाफेचा, रोलरचा, बोलण्याचा आवाज असतो. इथे फक्त तिचा स्वतःचा श्वास, मास्कच्या आत जाऊन आपटणारा, गरम, आंबूस. इतका जवळ की तो दुसऱ्याच कुणाचा आहे असं वाटावं. पाचव्या मिनिटाला घाम पाठीवरून खाली वाहायला लागला. दहाव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज आली आणि हात वर गेला, तो अर्ध्यावर तिने कसाबसा थांबवला. ती खाज ती कधी विसरली नाही. जगातलं सगळं संकट त्या घटकेला तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलं होतं.

पहिली पिशवी उघडताना मात्र हात थांबला. नवऱ्याचा चेहरा आला. चेहराही नाही, हातभर उघड्या दाराची फट आली. यातलं काहीतरी बोटाला, केसाला, चपलेला चिकटून त्या फटीतून आत गेलं तर? तीन आकडे मोजावेत इतका वेळ ती तशीच उभी राहिली. फोन करून नाही म्हणता आलं असतं. कुणी काही बोललं नसतं. आणि मग तिला वर चार वाजता दाराशी उभी राहिलेली पोरं दिसली, नर्सेस, वॉर्डबॉय, ती शिकाऊ डॉक्टर मुलगी. सगळी कुणाच्या ना कुणाच्या घरची, कुणाच्या तरी फटीतून आत जाणारी. गाऊन नसला तरी त्यांच्यातलं कुणी ना कुणी तसंच आत जाईलच, याची तिला खात्री होती. तिने गाठ सोडली.

एक एक कपडा ती हलक्या हाताने उचलत होती, झटकत नव्हती, अंगाला लागू देत नव्हती. गाऊन डावीकडे, चादर उजवीकडे. तेहतीस वर्षांत हे हात इकडे पहिल्यांदाच आले होते, पण कापड त्यांच्या ओळखीचं होतं. कापड बोटांना लागलं की ते काय आहे ते हातमोज्यांतूनही कळत होतं. मांजरपाट, जाड सुती, उशीचा अभ्रा. अकराव्या की बाराव्या पिशवीत, पूर्व वॉर्डाच्या, एका अभ्र्याच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागलं. सुई असेल म्हणून ती गोठली. मग अभ्रा अलगद उलटा केला. एवढंसं, शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं. कानाचं मशीन.

दुसऱ्या कुणी ते कचऱ्यात टाकलं असतं, किंवा चांगल्या मनाने धुऊन काढलं असतं. पण तिच्या घरात अशी मशीनं वीस वर्षं येत-जात होती. घड्याळवाल्याकडे बटणसेल असतात, म्हणून म्हातारी माणसं मशीन घेऊन दुकानात यायची. घाईची असली की नवरा ती घरी आणायचा, रात्रीच्या जेवणाआधी भिंग डोळ्याला लावून साफ करायचा. "पाण्याचा एक थेंब गेला की मेलं बघ," तो म्हणायचा. म्हणून तिने ते पाण्याखाली धरलं नाही. स्पिरिटच्या फडक्याने पुसलं, सेलचं बारीक दार बोटाच्या टोकाने उघडून आत कोरडं आहे ना पाहिलं, छोट्या पिशवीत बंद केलं आणि वर पूर्व वॉर्डाचं नाव लिहिलं. ते करायला चार मिनिटं गेली. तेवढ्या वेळात आठ गाऊन निघाले असते. तिने घड्याळाकडे पाहिलं, स्वतःवरच चरफडली, आणि तरीही ते काम तिने घाईने केलं नाही.

साडेअकराला पहिला घाणा आत गेला, पावणेएकला दुसरा. काचेपलीकडून चष्मेवाली दर थोड्या वेळाने अंगठा दाखवायची. जोडीचा माणूस वाळवणीपाशी अक्षरशः धावत होता. तो काही बोलत नव्हता, पण तिने काचेतून पाहिलं तेव्हा एका हाताने घाम पुसत दुसऱ्या हाताने तो गाऊन उलटून त्याची शिवण तपासत होता. तसं करायचं त्याला आज कुणी सांगितलं नव्हतं. सव्वातीनला ती अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा टेबलावर गाऊनच्या थप्प्या लागल्या होत्या. दोनशे बारा. पावणेचारला ट्रॉली उतरणीवरून वर गेली. गाऊनांच्या वर, सर्वांत वरच्या थप्पीवर, ती छोटी पिशवी.

मग ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. गालांवर चष्म्याचे वळ उठले होते, ते तिच्या बोटांना लागत होते. असं वाटत होतं की आपण आजवर ज्या घरात राहिलो त्या घराची एक खोली आज पहिल्यांदा उघडून पाहिली. तुझ्यावाचून काय अडणार आहे तिथं? या प्रश्नाचं उत्तर आता चौथ्या मजल्यावर दोनशे बारा अंगांवर चढत होतं. पण हे मुलीला सांगायचं कसं, हा नवाच पेच. सांगितलं की फुशारकी होईल, न सांगितलं तर छातीत मावणार नाही. ती तशीच बसून राहिली आणि मनातल्या मनात एकटीच फुशारकी मारत राहिली. तिला ते फार आवडलं.

पाचला दहा मिनिटं असताना ती ऑफिसच्या खिडकीशी गेली. नवऱ्याच्या बारीक अक्षरांखाली, 'काम चालू ठेवणार' या चौकोनात खूण केली, सही केली. पेन चालला. कारकून बाई चष्म्यावरून म्हणाली, "मळक्या बाजूला काम केलं तर नर्सेसच्या होस्टेलमध्ये खोली मिळते. हवी?" तिने एक दम घेतला. "हवी," ती म्हणाली.

ती परत खाली आली तेव्हा चष्मेवाली फोन धरून उभी होती. "मेट्रन आहेत. दोनदा केला त्यांनी." तिला वाटलं, गाऊनांत काही राहिलं. काय राहिलं असेल? नाडी तुटली? डाग?

"मुकादम, ते कानाचं मशीन तुम्ही पाठवलंत?"

"हो. का, बिघडलं का?"

"ते आमच्या चौदा नंबरच्या आजोबांचं." मेट्रनचा आवाज आता सपाट नव्हता, कुठेतरी ओला होता. "तीन दिवस कशालाच उत्तर देत नव्हते ते. नाव विचारलं तरी नुसते बघायचे. जेवायचे नाहीत. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला, शुद्ध हरपत चाललीय. घरी तसा निरोपही गेला होता. आणि त्यांना नुसतं ऐकू येत नव्हतं हो! आमची सगळ्यांची तोंडं झाकलेली, ओठही दिसत नव्हते त्यांना. मगाशी मशीन लावलं कानात आणि पोरगी सवयीने ओरडली, 'आजोबा, कसं वाटतंय?' तर म्हणाले काय माहितीये?"

"काय?"

"म्हणाले, 'अगं, ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?'"

तिला हसू फुटलं. पलीकडे मेट्रनही हसत होत्या, आणि कुणीच फोन ठेवेना. "वाटीभर पेज प्याले," शेवटी मेट्रन म्हणाल्या. "मुलाशी फोनवर बोलले. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं."

त्या संध्याकाळी ती त्याच रस्त्याने घरी गेली, पण वाटेतलं तिला काहीच आठवत नाही. घरी बादलीतल्या पाण्यात कपडे भिजत घातले, अंघोळ केली, आणि मधल्या दारापासून सहा फुटांवर, मोजून, खुर्ची ठेवून बसली. आतून नवऱ्याने विचारलं, "दिलास फॉर्म?" तिने आधी ते सांगितलं नाही. आधी आजोबांची गोष्ट सांगितली, पिशव्यांपासून सुरू करून. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आतून येणारा खुर्चीचा करकर आवाज थांबलाय. तो उठून दाराशी आलाय.

"पाणी नाही ना लावलंस?"

"नाही."

"सेलचं दार उघडून बघितलंस?"

"बघितलं. कोरडं होतं."

"शाबास," तो म्हणाला. त्याने तिला आयुष्यात हा शब्द कधी म्हटला होता का, ते तिला आठवेना. मग ती म्हणाली, "मी रजा नाही घेतली. उद्यापासून होस्टेलला राहायला चाललेय. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर मी... म्हणून. किती दिवस ते माहीत नाही."

तिने रागाची तयारी ठेवली होती, अबोल्याचीही. तेवढ्यात फोन वाजला, मुलीचा. फोन आतच होता, त्यानेच घेतला आणि आई होस्टेलला चाललीय म्हणून सांगितलं. मुलीचा आवाज फटीतून बाहेरपर्यंत येत होता, चिरका, घाबरलेला: बाबा, तुम्ही तिला थांबवत का नाही? आणि तो म्हणाला, "अगं, आज काय झालं ते आधी ऐक," आणि तिने सांगितलेली सगळी हकिगत तिच्यापेक्षा चांगली रंगवून सांगायला लागला. दोनशे बाराचे त्याने अडीचशे केले. ती बाहेरून म्हणाली, "दोनशे बारा." तो म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस." त्यावर मुलगी काय म्हणाली ते बाहेर ऐकू आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "हो. तुझी आई आहे ती."

पुढे ती एकोणपन्नास दिवस होस्टेलच्या त्या खोलीत राहिली. चौदा नंबरचे आजोबा पंधराव्या दिवशी चालत घरी गेले. पैलवान तिसऱ्या आठवड्यात परत आला. नवऱ्याला काही झालं नाही. त्याचं सामान आणून द्यायचं काम समोरच्या सरांनी आपणहून पत्करलं, आणि ते त्यांनी नीट केलं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं की आत कपाट उघडल्याचा आवाज झाला, मग ओढण्याचा, मग ठेवण्याचा. तो तिची बॅग भरत होता. पस्तीस वर्षांत त्याने स्वतःचीसुद्धा बॅग कधी भरली नव्हती. थोड्या वेळाने बॅग दाराच्या फटीतून बाहेर सरकली आणि तो मागे झाला. तिने पुढे होऊन ती उघडली. कपड्यांच्या घड्या अशा होत्या की चष्मेवालीने पाहिल्या असत्या तर तिला चक्कर आली असती. त्यांवर तिचा चष्मा, तिच्या गुडघ्याचं मलम, आणि सर्वांत वर त्याच्या दुकानातला एक पत्र्याचा डबा, त्याला चार खण. प्रत्येक खणात बटणसेल, चार वेगवेगळ्या आकारांचे, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: कोणतं कानाचं मशीन, कोणता सेल.

"हे काय?" तिने विचारलं.

"चौदा नंबरला एकट्यालाच थोडं कानाचं मशीन असेल," तो आतून म्हणाला. "सेल तर आठ-दहा दिवसांत संपतात. बाजार बंद आहे. कुठून आणतील ती पोरं? वर देऊन ठेव."

तिने झाकण लावलं. मग तिने उगीच विचारलं, "आणि मेट्रननी विचारलं, कुणी पाठवले, तर काय सांगू?"

"सांग," तो म्हणाला, "लाँड्रीवालीच्या नवऱ्याने."